भाकरीवर आलेला आळ

मॅडम, नमस्कार.

मी बार्शीजवळच्या गावातली. वय ५६, शिक्षण दहावीपर्यंत. आमचे हे ६१ वर्षांचे. मागच्या महिन्यात त्यांची रक्ततपासणी केली, त्यात तीन महिन्यांची साखर ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. गोळी नको, वजन उतरवा, तीन महिन्यांनी परत या. बीपीची गोळी आधीपासून चालू आहे. मुलगा पुण्याला असतो, जिमला जातो. त्याने फर्मान काढलं, कार्ब्स बंद. भाकरी, भात, चपाती, बटाटा, केळी काही नाही. नुसतं पनीर, अंडी, बदाम. आठवड्यात ह्यांचं वजन तीन किलो उतरलं, मुलगा खूश. आता बारा दिवस झाले. ह्यांची चिडचिड वाढलीय, पोट साफ होत नाही, उठताना चक्कर येते. जाऊबाई म्हणतात, ज्वारीत साखर नसते, हवी तेवढी भाकरी खाऊ दे. शेजारच्या वहिनी म्हणतात, चहात साखरेऐवजी गूळ घाला, झालं. सकाळी भाकरी थापायला बसले की वाटतं, इतकी वर्षं मी ह्यांना विष वाढलं की काय? हे कार्ब्स म्हणजे नक्की असतं तरी काय? शाळेतल्या बाईंसारखं समजावून सांगा. आणि ह्यांच्या संकष्टी-एकादशीचं काय करायचं तेही सांगा.

— भाकरी थापणारी

ताई, भाकरीचं पुढे बोलू. आधी ती चक्कर.

कर्बोदकं, म्हणजे मुलाचे ते कार्ब्स, एकदम बंद केली की पहिल्या काही दिवसांत शरीर लघवीवाटे बरंच पाणी आणि त्याबरोबर मीठ टाकून देतं. त्याने रक्तदाब उतरतो. वर बीपीची गोळी रोजच्यासारखी चालूच. मग खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणारच. गोळी मनाने बंद करू नका, कमीही करू नका. उद्याच डॉक्टरांकडे जा, दाब मोजून घ्या आणि बारा दिवसांत जेवणात काय काय बदललं ते स्पष्ट सांगा. ते ‘वजन उतरवा’ एवढंच म्हणाले होते. ‘भाकरी बंद’ हे घरी आल्यावर त्यात वाढलं.

इतर वाचकांसाठीही इथेच सांगते. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी असा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात करू नये. जेवणातली कर्बोदकं गेली आणि औषध तेवढंच राहिलं, तर साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या ज्या गोळ्या हल्ली दिल्या जातात, त्या घेत असताना कीटो आहार, म्हणजे कर्बोदकं जवळजवळ बंद करून चरबीवर भर देणारा आहार, केला तर रक्तात आम्ल साचण्याचाही धोका असतो.

आता शाळा.

ज्याला तुमचा मुलगा कार्ब्स म्हणतो त्याला पाठ्यपुस्तकात कर्बोदक म्हणतात, आणि हा मराठी शब्द स्वतःच अर्थ सांगतो. कर्ब म्हणजे कार्बन, उदक म्हणजे पाणी. ज्वारीचं हिरवं पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, मुळांकडून आलेलं पाणी घेतं आणि उन्हाच्या जोरावर त्यांची साखर बनवतं. या साखरांतली सगळ्यात महत्त्वाची म्हणजे ग्लुकोज. तिच्या एका रेणूत कार्बनचे सहा अणू असतात आणि सहा पाण्याच्या रेणूंना लागतील एवढे हायड्रोजन-ऑक्सिजनचे अणू. बाकी त्यात काही नाही.

ही साखर पानातून कणसात जाते. थंडीत तुम्ही शेकोटीवर कणसं भाजून हुरडा खाता, तो गोड का लागतो? दाणा तेव्हा दुधात असतो, आत आलेली बरीचशी साखर अजून सुटी असते. पुढे दाणा भरत जातो तसे ग्लुकोजचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांबलचक माळा बनतात. या माळा म्हणजे स्टार्च, पिष्ट. माळेला गोडी नसते, म्हणून पिकलेली ज्वारी गोड लागत नाही. केळ्यात उलट घडतं. कच्च्या केळ्यात स्टार्च असतो आणि पिकताना त्याची साखर होते.

आता गंमत पाहा. कणसात ग्लुकोजच्या माळा आहेत तशा कडब्यातही आहेत. कडबा मुख्यतः सेल्युलोजचा, आणि सेल्युलोजही ग्लुकोजचाच बनलेला. फक्त दोन मण्यांमधली गाठ वेगळ्या तऱ्हेने मारलेली असते. स्टार्चची गाठ आपल्या पोटातल्या पाचक रसांना सुटते, सेल्युलोजची सुटत नाही. गाईच्या पोटात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांना ती सोडवता येते, म्हणून गाय कडब्यावर जगते आणि आपल्याला कणीस लागतं. आपल्या जेवणातला कोंडा, साली, भाजीतले धागे हे याच न सुटणाऱ्या जातीचे. त्यांना तंतू म्हणा नाहीतर चोथा. पचत नाहीत म्हणून ते निरुपयोगी ठरत नाहीत. ते मळाला आकार आणि ओलावा देतात, आणि त्यांतल्या काहींवर मोठ्या आतड्यातले जिवाणू पोसले जातात. ते जिवाणू जी आम्लं तयार करतात त्यांवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. यजमानांचं पोट का साफ होत नाही ते आता वेगळं सांगायला नको. पनीर आणि अंड्यात तंतू शून्य. दिवसाला साधारण ३० ग्रॅम लागतात, मूठभर बदामांतून कितीसे येणार?

स्टार्चचा एक प्रयोग तुम्ही रोज सकाळी करता, फक्त त्याला प्रयोग म्हणत नाही. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा देणारं ग्लुटेन नसतं. म्हणून तुम्ही पिठात गरम पाणी घालता, उकड काढता. उष्णतेने स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, चिकट होतात आणि पीठ एकसंध होतं. पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी फाटते. भाकरी थापणाऱ्या बाईला स्टार्च काय असतो हे आम्ही पुस्तकवाले काय शिकवणार!

दुसरा प्रयोग यजमानांना करायला सांगा. नुसत्या भाकरीचा घास दोन मिनिटं चावत राहायचं, गिळायचं नाही. हळूहळू गोड लागायला लागतो. लाळेतलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) स्टार्चच्या माळा तोडतं आणि दोन-दोन मण्यांचे तुकडे सुटे होतात, त्या साखरेला माल्टोज म्हणतात. उरलेलं काम लहान आतड्यात होतं. स्वादुपिंडाचा रस येतो, आतड्याच्या अस्तरावरची विकरं शेवटचे तुकडे करतात आणि सुटं ग्लुकोज रक्तात शिरतं. तिथून पहिला मुक्काम यकृत.

म्हणजे जाऊबाईंचं म्हणणं तोंडातच खोटं ठरलं. ज्वारीत सुटी साखर फारशी नसते हे खरं, पण पोटात गेल्यावर तिचं ग्लुकोजच होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदकं असतात, पांढऱ्या तांदळात ७८ आणि गव्हाच्या कणकेत ६४. ज्वारीत आणि कणकेत १० ग्रॅमच्या वर तंतू असतात, पांढऱ्या तांदळात तीनही भरत नाहीत. फरक आहे तो एवढाच. ज्वारी बरी, पण ‘हवी तेवढी’ नाही. आणि बारीक दळलेल्या पिठापेक्षा भरडलेलं धान्य सावकाश पचतं. तुमच्याकडे ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या करतात ना, त्या या हिशेबात भाकरीच्याही पुढे आहेत.

आता विषाबद्दल. निरोगी माणसाच्या रक्तात, उपाशीपोटी, एकूण ग्लुकोज किती असेल? अंदाज करा. साधारण पाच लिटर रक्तात अवघं पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा! आणि तुमची एक भाकरी ६० ग्रॅम पिठाची धरली तर तिच्यातून सुमारे ४० ग्रॅम ग्लुकोज येणार. म्हणजे रक्तात आधी आहे त्याच्या आठपट. तरी भाकरी खाल्ल्यावर रक्ताचा पाक होत नाही, कारण एकीकडे आवक हळूहळू होते आणि दुसरीकडे उचलही चालू असते.

बार्शीच्या आडत बाजारात तुम्ही कधी गेला असालच. माल आला की हाक पडते, व्यापारी उचल करतात, माल ज्याच्या त्याच्या गोदामात जातो. शरीरात ही हाक म्हणजे इन्सुलिन. रक्तातलं ग्लुकोज वाढलं की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. ते ऐकून स्नायू आणि चरबीच्या पेशी ग्लुकोज आत ओढतात, यकृत आपला साठा भरायला घेतं. जेवणानंतरचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. यकृतात आणि स्नायूंत ग्लुकोज पुन्हा माळा करून ठेवलं जातं, त्या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. यकृतात साधारण १०० ग्रॅम, सगळ्या स्नायूंत मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास. रात्रभर तुम्ही काही खात नाही तरी सकाळी मेंदू चालू असतो, तो यकृतातल्या या साठ्यावर.

मुलाच्या तीन किलोंचं उत्तरही इथेच आहे. ग्लायकोजेन कोरडं साठत नाही, एका ग्रॅमबरोबर जवळजवळ तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. अर्धा किलो ग्लायकोजेन रिकामं झालं तर त्याच्यासोबत दीड किलो पाणी जातं. झाले दोन किलो. वर मिठाबरोबर गेलेलं पाणी वेगळं. एका आठवड्यात यजमानांच्या पोटावरची तीन किलो चरबी वितळली असं मुलाला वाटत असेल, तर त्याला हा हिशेब दाखवा. चरबीच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, कर्बोदकं आणि प्रथिनांमध्ये ४. तीन किलो चरबी सात दिवसांत जाळायची तर माणसाला उपाशी राहून वर रोज निदान अर्धी मॅरेथॉन पळावी लागेल.

पण मुलाला अगदीच खोट्यात काढू नका, त्याचंही बरंच खरं आहे. कर्बोदकं कमी केली की रक्तातली साखर खाली येते, यात वाद नाही. शिवाय ती न खाऊन माणूस लगेच मरत नाही. मेंदूला रोज साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, लाल रक्तपेशींना तर दुसरं इंधन चालतच नाही. पण यकृत अडचणीत प्रथिनांपासून ग्लुकोज बनवू शकतं, आणि चरबीपासून कीटोन बनवून मेंदूची बरीचशी भूक त्यावर भागवतं. कीटो हे नाव त्यावरूनच आलं. हा आहार मुळात वजनासाठी नव्हता. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी तो फेफऱ्याच्या रुग्णांसाठी सुचवला होता, आणि औषधांना दाद न देणाऱ्या काही मुलांना तो आजही देतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. म्हणजे ते एक औषध आहे. औषधासारखंच वापरावं.

माझा आक्षेप वेगळा आहे. ६१ वर्षं भाकरी खाल्लेला माणूस पनीर-बदामांवर किती महिने राहील? तुमचं पत्र बाराव्या दिवशी आलं. बहुतेक घरांत विसाव्या दिवशी हे संपतं, एकविसाव्या दिवशी आमरस येतो आणि वजन होतं तिथे. यजमानांना तीन महिने काढायचे नाहीत, पुढची वीस-पंचवीस वर्षं काढायची आहेत.

मग ६.१ आलं तरी कसं? त्या चाचणीचं नाव एचबीएवनसी. रक्तातलं ग्लुकोज लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटतं. पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून किती हिमोग्लोबिनला साखर चिकटली यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. उंबरठ्यावर होतं काय, तर हाक पडते पण उचल होत नाही. बाजारात माल येतोय, व्यापाऱ्यांची गोदामं तुडुंब आहेत. दिवसभर बसलेल्या माणसाच्या स्नायूंत कालचाच साठा शिल्लक असतो, यकृतात चरबी साठू लागलेली असते, आणि ग्लुकोज रक्तात रेंगाळतं. स्वादुपिंड आणखी मोठ्याने हाका मारतं. काही वर्षांनी त्याचाही घसा बसतो.

यजमान जाडे आहेत की नाहीत, तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्या लोकांत नुसतं दिसण्यावर जाऊ नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ‘थिन-फॅट’ भारतीय ही कल्पना मांडली, म्हणजे हातपाय काडीसारखे पण आत चरबी भरपूर. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला होता. उंची-वजनाच्या हिशेबात दोघे अगदी सारखे, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के! मला तो फोटो फार आवडतो. स्वतःचीच चरबी जगाला दाखवणारा शास्त्रज्ञ विरळा. तेव्हा वजनकाट्यापेक्षा यजमानांच्या कमरेला शिंप्याची टेप लावा, पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी.

आता काय करायचं.

भाकरी परत सुरू करा, पण ताटातली मांडणी बदला. आपल्या ताटात धान्य मधोमध बसतं आणि बाकी सगळं तोंडी लावायला असतं. तुमची जुनी पद्धत मी ओळखते. दोन भाकऱ्या, वाटीभर पातळ आमटी, वर ‘थोडासा’ भात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशभरातल्या मोठ्या पाहणीत आपण ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून घेतो असं दिसलं. २०२५ मध्ये आलेल्या या निष्कर्षांत जाऊबाईंसाठीही एक गोष्ट आहे. नुसता तांदूळ-मैदा काढून त्याजागी तेवढंच गव्हाचं किंवा ज्वारी-बाजरीचं पीठ आणलं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांतला थोडासा वाटा प्रथिनांना दिला तिथे दिसला. हैदराबादच्या संस्थेने २०२४ मध्ये सांगितलं तेही याच दिशेचं आहे. दिवसाच्या कॅलरींपैकी धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांच्या वर नको, डाळी-कडधान्यं-मांस मिळून १५ टक्क्यांपर्यंत हवं.

तेव्हा जेवताना एक भाकरी. एकदा तरी पीठ मोजून घ्या, कारण बार्शीची भाकरी आणि पुण्यातल्या हॉटेलातली भाकरी यांत फार अंतर आहे. भाकरी असेल तेव्हा भात नाही, भात असेल तेव्हा भाकरी नाही. जी भाकरी कमी झाली तिची जागा मटकीच्या उसळीने, पिठल्याने, घट्ट वरणाने भरायची, अंड्यानेही चालेल. सोलापुरी शेंगदाण्याची चटणी आहेच, फक्त तेलाचा हात आखडता. भाजी आणि काकडी-मुळा-कांदा आधी खायचा, भाकरी नंतर, म्हणजे ग्लुकोज रक्तात सावकाश उतरतं. हैदराबादचीच संस्था दिवसाला किमान १३० ग्रॅम कर्बोदकं सांगते, त्यात मेंदूच्या गरजेचा हिशेब धरलेला आहे. दोन्ही वेळच्या दोन भाकऱ्यांत त्यातली ८० आली, उरलेली डाळी, दूध, फळं आणि सकाळच्या नाश्त्यातून सहज येतात. नाश्त्याला पोहे असतील तर मूठभर मोड आलेली मटकी किंवा शेंगदाणे घालून करा, नुसते बटाटेपोहे नकोत.

आणि जेवल्यावर शतपावली. हा मला मिळालेला सगळ्यात स्वस्त सल्ला आहे आणि मी तो फुकट पुढे देते. चालताना आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या हाकेची वाट पाहत नाही, रक्तातलं ग्लुकोज आपणहून उचलतो. म्हणून नाव शतपावली असलं तरी शंभरावर थांबू नका, दहा-पंधरा मिनिटं होऊ द्या. चक्कर थांबेपर्यंत मात्र नको, आणि सुरुवातीला कोणीतरी सोबत हवं. पुढे दाब ठीक झाला की मुलाच्या जिमचं ऐका. स्नायू वाढला की गोदाम वाढतं. मुलाचं या बाबतीत शंभर टक्के बरोबर आहे.

गुळाचं आता. गूळ म्हणजे न शुद्ध केलेली साखर. रंग, वास आणि थोडे क्षार जास्त, पण बहुतांश तीच साखर, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज जोडलेली. शेजारच्या वहिनींना दुखवू नका, पण यजमानांच्या रक्ताला उसाची कढई कुठपर्यंत आटवली ते कळत नाही. मधाचंही तेच. चहा किती होतात हे तुम्ही लिहिलं नाहीत. घरचे दोन, पारावरचा एक, कोणी पाहुणा आला की एक. चार कप, कपाला दोन चमचे, चमच्याला पाच ग्रॅम धरा, ४० ग्रॅम झाले. २,००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी जागतिक आरोग्य संघटनेची वरची मर्यादा ५० ग्रॅम आहे, आणि २५ च्या आत राहिलात तर उत्तम असं ती म्हणते. बिस्किटं यात अजून धरलीच नाहीत. तुमच्या घरात कर्बोदकं तोडायचीच असतील तर तोडायला सुरुवात इथून व्हायला हवी होती, भाकरीपासून नव्हे. एकदम बिनसाखरेचा चहा दिलात तर ते पारावर जाऊन पितील. आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. जीभ महिनाभरात वळते.

म्हणून काही साखर विष ठरत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज आणि मिठाचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. आतड्यात ग्लुकोज आत जाताना मिठातलं सोडियम सोबत नेतं आणि त्यामागून पाणी. जुलाबात आपण साखर-मीठ-पाणी देतो ते याचसाठी. कोणाला, कधी, किती, यावर सगळं आहे.

उपासाकडे वळू. ‘एकादशी दुप्पट खाशी’ हे आपल्याच लोकांनी आपल्याबद्दल म्हणून ठेवलंय. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून बनतो आणि तो जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो, प्रथिनं नावालाच, तंतूही तसेच. भाकरी वाईट म्हणून बंद केलेल्या माणसाने एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याची भाजी आणि वेफर्स खाल्ले तर पांडुरंगही हसेल. यजमानांचा उपास मोडू नका. शेंगदाण्याची आमटी दाट करा, भगर वाटीभरच, सोबत काकडीची कोशिंबीर आणि ताक. राजगिऱ्याची भाकरी चालेल, सालासकट उकडलेलं छोटं रताळं चालेल. खिचडी करायचीच तर अर्धी वाटी आणि तीत दाण्याचं कूट सढळ. दिवसभर निरंकार राहून रात्री उपास सोडताना गोडधोडाचं भरगच्च जेवण, हे मात्र नको. संकष्टीचे मोदक, हो, एक. मोजून एक.

पुण्याला फोन कराल तेव्हा मुलाला रागावू नका. बाबांसाठी त्याने काहीतरी केलं तरी, नाहीतर बरीच मुलं नुसते फॉरवर्ड पाठवतात. त्याला एवढंच सांगा की पनीर-अंडी राहतील, भाकरी एकवर येईल आणि पुढच्या तपासणीला त्याने सुट्टी काढून सोबत यावं.

आणि ताई, एक राहिलं. एवढं मोठं पत्र, त्यात यजमान आहेत, मुलगा आहे, जाऊबाई, वहिनी सगळे आहेत. तुम्ही कुठे आहात? तुमचं वय ५६, पाळी थांबून काही वर्षं झाली असतील, आणि त्यानंतर बाईच्याही कमरेवर चरबी चढते, साखर वाढते. सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलेली भाकरी आणि पातेल्यातला भात वाया नको म्हणून तुम्हीच संपवत असाल, हे मी न बघता सांगते. तुमची साखर शेवटची कधी तपासली? उद्या यजमानांना डॉक्टरांकडे न्याल, तेव्हा सकाळी उपाशीपोटी जा आणि त्याच फेरीत तुमचंही रक्त देऊन या. आकडा काय आला ते मला कळवा. यजमानांचा नंतर कळवला तरी चालेल.